अकाली जन्मलेल्या बालकांची नेत्रतपासणी : थेंबांचे परिणाम आणि घ्यावयाची दक्षता

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या प्राचीन तीर्थामुळे देशभर परिचित आहे. दूरदूरचे यात्रेकरू या गावी येतात. परंतु गावातील एखादे बालक दिवस भरण्यापूर्वी जन्माला आले, तर त्याच्या मातापित्यांना उलट दिशेने, गावाबाहेरचा प्रवास करावा लागतो. नवजात शिशु कक्षात दाखल होण्यासाठी, पुढे वजन व श्वास यांच्या तपासणीसाठी आणि त्यानंतर डोळे दाखविण्यासाठी वाशीम किंवा अकोला गाठावे लागते. राज्यातील असंख्य गावांची हीच स्थिती आहे. या प्रवासातील एक टप्पा बाहेरून अगदी किरकोळ दिसतो. डोळे तपासण्यापूर्वी बालकाच्या डोळ्यांत औषधाचे काही थेंब घातले जातात. ज्या बालकाची फुप्फुसे दुबळी आहेत, त्याच्या बाबतीत मात्र हे थेंब किरकोळ नसतात. हे थेंब का घालतात, त्यांचा श्वासाशी संबंध काय आणि घरी परतल्यावर कोणती काळजी घ्यावी, हे गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

दिवस भरण्यापूर्वीचा जन्म

गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी झालेल्या जन्मास अकाली जन्म म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना व तिच्या सहयोगी संस्थांच्या अंदाजानुसार २०२० मध्ये भारतात अशी सुमारे ३० लाख बालके जन्मली. यांतील बहुसंख्य बालके योग्य काळजी मिळाल्यास चांगली वाढतात. तथापि जन्म जितका लवकर, तितके दोन अवयव अधिक अपरिपक्व असतात : फुप्फुसे आणि डोळ्यांचे दृष्टिपटल.

दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या आतील, प्रकाश ग्रहण करणारा पडदा. त्यातील रक्तवाहिन्यांची वाढ गर्भावस्थेच्या सुमारे १६ व्या आठवड्यात सुरू होते. नाकाच्या बाजूला ती ३६ व्या आठवड्याच्या सुमारास आणि कानाच्या बाजूला जवळजवळ ४० व्या आठवड्यास पूर्ण होते. बालक २८ व्या आठवड्यात जन्मले, तर हे काम अर्धवट राहिलेले असते. जन्मानंतर ही वाढ काही बालकांत भलत्याच मार्गाने होते. विकृत वाहिन्या फुटतात, दृष्टिपटल ओढले जाते आणि अखेर ते आपल्या जागेवरून सुटते. या विकारास वैद्यकशास्त्रात रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, संक्षेपाने आर.ओ.पी., असे म्हणतात. आरंभीच्या अवस्थेत बाहेरून काहीही दिसत नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही, बालक रडत नाही. आईला जेव्हा बाहुलीत पांढरेपणा दिसतो, तेव्हा बहुधा वेळ निघून गेलेली असते.

फुप्फुसांची कथा याहून वेगळी नाही. अपरिपक्व फुप्फुसांच्या बालकास प्राणवायू आणि काही वेळा कृत्रिम श्वसनयंत्र द्यावे लागते. त्यातून जगलेल्या काही बालकांची फुप्फुसे दीर्घकाळ दुबळी राहतात. १९६७ साली अमेरिकेतील विल्यम नॉर्थवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराचे प्रथम वर्णन केले व त्यास ब्राँकोपल्मनरी डिसप्लेजिया हे नाव दिले. अशा बालकास जन्मानंतर कित्येक आठवडे प्राणवायू लागतो. श्वास जलद चालतो आणि थोड्याशा श्रमानेही रक्तातील प्राणवायू कमी होतो.

ज्या बालकास अंधत्वाचा धोका अधिक, त्याचीच फुप्फुसे बहुधा अधिक दुबळी असतात. म्हणजे ज्याला नेत्रतपासणीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तपासणीपूर्वीचे थेंब सोसणे सर्वांत कठीण.

थेंबांचे प्रयोजन

दृष्टिपटलाच्या कडेपर्यंत पाहावयाचे तर बाहुली पूर्ण विस्फारलेली असावी लागते. त्यासाठी दोन प्रकारची औषधे वापरतात. फेनिलएफ्रिन हे औषध बाहुली रुंद करणारा स्नायू आकुंचित करते. ट्रोपिकामाइड किंवा सायक्लोपेंटोलेट हे औषध बाहुली लहान करणारा स्नायू सैल सोडते. दोन्ही मिळून बाहुली सुमारे अर्ध्या ते पाऊण तासात चांगली उघडते. त्यासाठी १० ते १५ मिनिटांच्या अंतराने दोन-तीन वेळा थेंब घालावे लागतात. शिवाय ही तपासणी एकदाच होत नाही. दृष्टिपटलाची वाढ पूर्ण होईपर्यंत ती एक-दोन आठवड्यांच्या अंतराने पुनःपुन्हा करावी लागते, आणि प्रत्येक वेळी थेंब आलेच.

डोळ्यांतून रक्तात

डोळ्यांत घातलेले औषध डोळ्यांतच राहते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. औषधाच्या बाटलीतून पडणारा एक थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटरचा असतो. नवजात बालकाच्या पापणीच्या आत एवढा द्रव मावत नाही. उरलेला भाग गालावर ओघळतो किंवा डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यातील अश्रुनलिकेतून नाकात उतरतो. रडताना नाक वाहते ते याच मार्गामुळे. नाकाच्या नाजूक अंतस्त्वचेतून औषध थेट रक्तात शोषले जाते. तोंडाने घेतलेले औषध आधी यकृतातून जाते व तेथे त्याचा काही अंश निष्प्रभ होतो. नाकातून शोषलेले औषध मात्र ही चौकी टाळून सरळ हृदयाकडे व फुप्फुसांकडे जाते.

मात्रेचा साधा हिशेब केल्यास प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. फेनिलएफ्रिनच्या २.५ टक्के द्रावणाच्या एका थेंबात सुमारे १.२५ मिलिग्रॅम औषध असते. बालकाचे वजन १ किलोग्रॅम आणि प्रौढ व्यक्तीचे ६० किलोग्रॅम धरले, तर बालकास दिलेला एक थेंब हा वजनाच्या प्रमाणात प्रौढाच्या ६० थेंबांइतका होतो. थेंबातील सर्व औषध रक्तात जात नाही हे खरे. पण जे जाते ते सोसणारे शरीर किती लहान आहे, हे या हिशेबावरून उमगते. मोठ्या माणसांसाठी वापरले जाणारे १० टक्क्यांचे द्रावण या बालकांना कधीही देऊ नये, असा दंडक त्यामुळेच आहे.

श्वासावर व शरीरावर होणारे परिणाम

फेनिलएफ्रिन रक्तवाहिन्या आवळते. डोळ्यांभोवतीची कातडी काही काळ पांढुरकी पडते, ती याची उघड दिसणारी खूण. औषध रक्तात अधिक उतरल्यास रक्तदाब वाढतो आणि हृदयाचे ठोके कमी-जास्त होतात. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बालकाच्या मेंदूतील रक्तवाहिन्या नाजूक असल्याने रक्तदाबाची आकस्मिक वाढ त्याला हितावह नसते. दुबळ्या फुप्फुसांच्या बालकात या औषधाने श्वासमार्ग आवळला जाऊन श्वासाचे कष्ट वाढू शकतात, अशी वैद्यकीय साहित्यात नोंद आहे.

ट्रोपिकामाइड व सायक्लोपेंटोलेट ही औषधे वेगळ्या रीतीने काम करतात. ती शरीरातील स्राव कमी करतात, घाम रोखतात आणि आतड्यांची हालचाल मंदावतात. त्यामुळे तोंड कोरडे पडणे, अंग लाल व गरम होणे, दूध न पचणे, पोट फुगणे असे परिणाम संभवतात. फुगलेले पोट श्वासपटलास वर ढकलते. निरोगी बालक हे सहन करते. पण ज्याची फुप्फुसे आधीच दुबळी आहेत, त्याला श्वासासाठी जागा अपुरी पडू लागते. अशा रीतीने डोळ्यांत घातलेल्या औषधाचा परिणाम पोटाच्या वाटेनेही श्वासापर्यंत पोहोचतो. सायक्लोपेंटोलेटचा प्रभाव एक दिवसापर्यंत टिकू शकतो. ट्रोपिकामाइडचा त्यापेक्षा लवकर, काही तासांत ओसरतो.

सर्वांत लक्षपूर्वक पाहावयाचा परिणाम म्हणजे श्वास मध्येच थांबणे. अकाली जन्मलेल्या बालकात मेंदूचे श्वासनियंत्रण अपक्व असल्याने हे एरवीही घडते. नेत्रतपासणीनंतरच्या एक-दोन दिवसांत त्याचे प्रमाण वाढू शकते. मात्र सगळा दोष थेंबांवर टाकणे योग्य ठरणार नाही. तपासणीच्या वेळी पापण्या उपकरणाने उघड्या ठेवाव्या लागतात, डोळ्यावर दाब येतो, प्रखर प्रकाश पडतो आणि वेदना होते. डोळ्यावरील दाबानेही हृदयाचे ठोके मंदावतात. थेंब, वेदना, थंडी आणि प्रवास या चारही गोष्टींचा भार एकाच दिवशी त्या लहानग्या जीवावर पडतो.

इतिहासाचा धडा

या परिणामांची माहिती ऐकून तपासणीच टाळावी, असे कोणास वाटल्यास ते स्वाभाविक आहे. पण ते घातक ठरेल. वैद्यकशास्त्राने या विषयात भीतीपोटी एकदा मोठी किंमत मोजलेली आहे.

१९४२ मध्ये बोस्टन येथील नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी अकाली जन्मलेल्या बालकांतील या अंधत्वाचे प्रथम वर्णन केले. पुढील दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे १०,००० बालके या विकाराने दृष्टीस मुकली, असे मानले जाते. १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियातील केट कॅम्पबेल यांनी मुक्तहस्ते दिल्या जाणाऱ्या प्राणवायूकडे बोट दाखविले आणि नंतरच्या अभ्यासांनी तो संबंध सिद्ध झाला. तेव्हा सर्वत्र प्राणवायू कठोरपणे कमी करण्यात आला. अंधत्व घटले, पण फुप्फुसांना पुरेसा प्राणवायू न मिळाल्याने बालके दगावू लागली. ब्रिटनमधील केनेथ क्रॉस यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार एका बालकाची दृष्टी वाचविण्याच्या मोबदल्यात सुमारे १६ बालकांचे प्राण गेले असावेत. यातून निघालेला निष्कर्ष असा की, प्राणवायू बंद करावयाचा नसतो, मोजून द्यावयाचा असतो. थेंबांच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. ते टाळावयाचे नाहीत; मोजून, मंद करून आणि डोळ्यांत तेल घालून द्यावयाचे आहेत.

तपासणी न केल्याचे परिणाम किती गंभीर असतात, हे २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निर्णयातून दिसून येते. तमिळनाडूत १९९६ मध्ये २९ व्या आठवड्यात, १,२५० ग्रॅम वजनाची एक मुलगी जन्मली. तिच्या डोळ्यांची वेळेवर तपासणी झाली नाही आणि ती दृष्टीस मुकली. न्यायालयाने तिच्या कुटुंबास सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. भरपाई मिळाली, दृष्टी परत आली नाही.

कोणाची तपासणी, केव्हा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. या कार्यक्रमात आर.ओ.पी. या विकाराचा समावेश आहे. भारतातील मार्गदर्शक सूचनांनुसार जन्मतः २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजन असलेल्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या प्रत्येक बालकाची तपासणी व्हावी. ३४ ते ३६ आठवड्यांतील बालक दीर्घकाळ प्राणवायूवर राहिले असेल किंवा गंभीर आजारी झाले असेल, तर त्याचीही तपासणी आवश्यक आहे. पहिली तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हावी. २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा १,२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बालकांत ती दोन ते तीन आठवड्यांतच व्हावी. विकार विशिष्ट अवस्थेस पोहोचल्याचे आढळले, तर लेसर किंवा डोळ्यातील इंजेक्शनद्वारे उपचार दोन-तीन दिवसांतच करावे लागतात. येथे एका आठवड्याची दिरंगाईसुद्धा कायमची ठरू शकते.

रुग्णालयात घ्यावयाची दक्षता

थेंबांचे दुष्परिणाम बऱ्याच अंशी टाळता येतात, ही या विषयातील दिलासा देणारी गोष्ट आहे. त्यासाठी खर्चिक साधने लागत नाहीत, शिस्त लागते.

पहिली गोष्ट औषधाच्या तीव्रतेची. बाजारात मिळणाऱ्या मिश्र थेंबांत सामान्यतः ०.८ टक्के ट्रोपिकामाइड व ५ टक्के फेनिलएफ्रिन असते. निर्जंतुक द्रवाने ते निम्मे सौम्य केल्यावर हे प्रमाण अनुक्रमे ०.४ व २.५ टक्के होते. बालकांसाठी हेच वापरावे. सायक्लोपेंटोलेट वापरावयाचे झाल्यास ते ०.५ टक्क्यांहून तीव्र नसावे. दुसरी गोष्ट थेंबाच्या आकाराची व संख्येची. थेंब शक्य तितका लहान असावा आणि बाहुली पुरेशी उघडल्यावर आणखी थेंब घालू नयेत. तिसरी गोष्ट, थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडील कोपरा स्वच्छ बोटाने एक-दोन मिनिटे हलकेच दाबून धरावा आणि ओघळलेले औषध लगेच टिपून घ्यावे. एवढ्याने नाकात उतरणारे औषध कमी होते.

तपासणीपूर्वी अर्धा ते एक तास बालकास दूध देऊ नये, म्हणजे उलटी श्वासमार्गात जाण्याची भीती राहत नाही. बालकास उबदार कपड्यात गुंडाळावे. वेदना कमी होण्यासाठी आईच्या दुधाचे वा साखरेच्या निर्जंतुक द्रावणाचे काही थेंब जिभेवर देतात. थेंब घालण्यापूर्वीपासून तपासणीनंतरपर्यंत हृदयाचे ठोके व रक्तातील प्राणवायू यंत्रावर पाहत राहावे; प्राणवायू व श्वास देण्याची पिशवी हाताशी असावी. ज्या बालकास फुप्फुसांचा विकार आहे, त्याची पहिली तपासणी घरी पाठविण्यापूर्वी, नवजात शिशु कक्षातच करणे सर्वांत श्रेयस्कर. बाहेरून आणलेल्या बालकास तपासणीनंतर लगेच परत न पाठविता डॉक्टरांच्या सल्ल्याने काही काळ देखरेखीखाली ठेवावे. वाशीम येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने या भागातील बालकांसाठी अशा सेवा जवळ उपलब्ध होण्याची आशा वाढली आहे.

आईवडिलांनी एक वाक्य अवश्य लक्षात ठेवावे. थेंब घालणाऱ्या परिचारिकेस आधीच सांगावे : ‘‘बाळाला जन्मल्यावर इतके दिवस ऑक्सिजन लागला होता, मागच्या वेळी थेंब घातल्यावर असे झाले होते.’’ नवजात शिशु कक्षाचे डिस्चार्ज कार्ड प्रत्येक वेळी सोबत न्यावे.

घरी परतल्यावर

थेंबांचा प्रभाव रुग्णालयाच्या दारात संपत नाही. शिरपूरसारख्या गावी परतणारे बालक एस.टी.त किंवा जीपमध्ये असताना, अथवा त्या रात्री घरी निजलेले असताना त्रास सुरू होऊ शकतो. म्हणून तपासणीनंतरचे किमान २४ तास घरातील एका जाणत्या व्यक्तीने बालकावर लक्ष ठेवावे.

श्वास थांबून थांबून येणे, छातीच्या फासळ्या आत ओढल्या जाणे, ओठ वा जीभ निळसर होणे, अंग एकाएकी पांढरे व गार पडणे, पोट फुगून टणक होणे, हिरवी उलटी, दूध ओढण्याचे बंद करणे, अंग तापणे किंवा बालक मलूल होणे ही धोक्याची लक्षणे होत. यांपैकी एकही दिसल्यास वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबल्यास तळपाय किंवा पाठ हलकेच चोळावी. बालकास हेलकावे देऊ नयेत. आजारी अर्भकास एक वर्षापर्यंत शासकीय रुग्णालयात मोफत उपचार व मोफत वाहन देण्याची तरतूद जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे.

घरगुती उपायांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. काजळ, मध वा अंगावरचे दूध बालकाच्या डोळ्यांत घालू नये. उरलेले थेंब पुन्हा वापरू नयेत, किंवा दुकानातून मनाने आणू नयेत. आजी-आजोबांचे काचबिंदूचे थेंब घरात असल्यास ते बालकापासून दूर ठेवावेत. त्यांतील टिमोलॉलने अर्भकाचा श्वास थांबू शकतो व दम्याच्या रुग्णास श्वासमार्गाचा त्रास होऊ शकतो. ब्रिमोनिडिन तर दोन वर्षांखालील बालकांना निषिद्ध आहे.

गावाचा वाटा

आशा स्वयंसेविका नवजात बालकाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट देतात. यांतील २८ व्या दिवसाची भेट ३० दिवसांच्या मुदतीच्या केवळ दोन दिवस आधी येते. त्यामुळे अकाली जन्मलेल्या बालकाच्या बाबतीत हा प्रश्न तोपर्यंत न थांबविता १४ व्या दिवसापासूनच विचारावा : डोळ्यांची तपासणी झाली का, आणि पुढची तारीख कोणती? ग्राम आरोग्य समितीत अशा बालकांची यादी असावी, तारीख चुकली तर विचारणा व्हावी आणि ज्या कुटुंबास प्रवास परवडत नाही त्याच्यासाठी वाहनाची व्यवस्था व्हावी. मजुरी बुडते म्हणून दुसरी वा तिसरी तपासणी राहून जाणे हे या विकारात अंधत्वाचे एक मोठे कारण ठरते. गरोदर मातेस मुदतपूर्व कळा सुरू झाल्यास तिला तात्काळ रुग्णालयात हलविणे हीदेखील गावाचीच जबाबदारी आहे. ३४ आठवड्यांपूर्वी प्रसूतीची शक्यता असताना मातेस डेक्सामेथासोनचे इंजेक्शन मिळाले, तर बालकाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात. पुढे पाठविण्यापूर्वी याची पहिली मात्रा देण्याची मुभा २०१४ पासून आरोग्यसेविकांनाही आहे. जन्मानंतर आईचे दूध आणि बाळाला उघड्या छातीशी धरण्याची कांगारू पद्धत यांचे मोलही तितकेच आहे.

शिक्षकांचा संबंध काही वर्षांनी येतो. अकाली जन्मलेल्या मुलांत लघुदृष्टी व तिरळेपणा यांचे प्रमाण अधिक असते. फळ्यावरचे न दिसणारे मूल अनेकदा ‘ढ’ ठरते. शाळेत नाव घालताना मूल किती महिन्यांचे जन्मले, हे विचारून नोंदविल्यास आरोग्य पथकाच्या वार्षिक तपासणीत त्याच्याकडे विशेष लक्ष देता येईल.

अकाली जन्मलेल्या बालकाला श्वासही टिकवावयाचा आहे आणि दृष्टीही. औषधाचे प्रमाण राखणे ही डॉक्टर व परिचारिकांची जबाबदारी. तपासणीची तारीख पाळणे ही कुटुंबाची व गावाची. या दोन्ही जबाबदाऱ्या नीट पार पडल्या, तर एकासाठी दुसऱ्याचा बळी देण्याची वेळ येणार नाही.